बहिरी ससाणा आणि बहरैन : हातावर बसणाऱ्या पक्ष्याची ओळख

मंडळी, आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण वर्षातून एकदा तरी मुंबई-बहरैन प्रवास करतो. विमानात चढताना शेपटीवर सोनेरी पक्षी दिसतो. गल्फ एअरच्या त्या पक्ष्याला आपण 'गरुड' म्हणून मोकळे होतो. मुलांनी विचारलं तर 'ईगल' म्हणून सांगतो. पण तो गरुडही नाही आणि घारही नाही. तो ससाणा आहे. म्हणूनच विमान कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेचं नाव 'फाल्कनफ्लायर' असं आहे.

माहूज, जुफेर, उम्म अल् हस्सम, गुदैबिया या भागांत आपली मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं राहतात. इथल्या लोकांचे सण, त्यांचा कहावा, त्यांची खजुरं यांची ओळख आपल्याला झाली आहे. पण अरबी माणसाच्या जिवाभावाचा जो छंद, ससाणा पाळून त्याच्याकडून शिकार करवण्याचा, त्याबद्दल आपल्याला फारशी माहिती नसते. 'श्रीमंत शेखांचा शौक' एवढ्यावर विषय संपतो. खरं तर या विषयाचा एक धागा थेट आपल्या मराठी भाषेशी, आपल्या इतिहासाशी आणि सोलापूरच्या माळरानाशी जाऊन भिडतो. तो कसा, हे सांगण्यासाठी हा लेख.

नावातच समुद्र

मराठीत या पक्ष्याला 'बहिरी ससाणा' म्हणतात. लहानपणी हे नाव ऐकलं की वाटायचं, याला ऐकू येत नसावं! पण इथला 'बहिरी' म्हणजे कानाने बहिरी नव्हे. तो शब्द आला आहे 'बहर' या अरबी शब्दापासून, म्हणजे समुद्र. 'बहरी' म्हणजे समुद्राचा, समुद्रावरून येणारा. फारसीतून तो हिंदुस्तानात आला आणि मराठीत येताना त्याचा 'बहिरी' झाला. आणि 'बहरैन' म्हणजे काय? 'दोन समुद्र'. म्हणजे आपण ज्या देशात नोकरीधंदा करतो तो देश आणि आपल्या सह्याद्रीवरून भिरभिरणारा पक्षी, दोघांच्या नावात एकच समुद्र आहे. योगायोग म्हणा, पण गोड आहे की नाही?

संस्कृतात ससाण्याला 'श्येन' म्हणतात. अमरकोशात त्याला 'शशादन', म्हणजे ससा खाणारा, असंही नाव दिलं आहे. बाज, शाहीन, शिक्रा हे शब्द मात्र फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले.

कोणते पक्षी?

शिकारीसाठी पाळायच्या पक्ष्यांचे जुन्या हिंदुस्तानी बाजदारांनी दोन सोपे गट केले होते. एक 'गुलाबचश्म', म्हणजे पिवळ्या-तांबड्या डोळ्यांचे. यात बाज, बाशा, शिक्रा येतात. यांचे पंख आखूड व गोल असतात आणि ते झाडाझुडपांतून झडप घालतात. दुसरा गट 'स्याहचश्म', म्हणजे काळ्या डोळ्यांचे. हे खरे ससाणे. लांब, टोकदार पंख आणि मोकळ्या आकाशातला वेग ही त्यांची खूण. बाज आपल्या नखांनी भक्ष्य मारतो, तर ससाण्याच्या चोचीला दातासारखी एक खाच असते आणि तो भक्ष्याची मान चावून ती तोडतो.

आखाती देशांत मुख्यतः तीन ससाणे वापरतात. पहिला 'सेकर'. याला इथे 'हुर्र' म्हणतात. हुर्र म्हणजे स्वतंत्र, खानदानी. हिंदुस्तानात याच पक्ष्याला 'चर्ग' म्हणत. वाळवंटातली धूळ, ऊन आणि जमिनीलगतचा लांबलचक पाठलाग त्याला मानवतो. दुसरा 'शाहीन', म्हणजेच आपला बहिरी ससाणा. हा उंचावरून पंख मिटून खाली सूर मारतो तेव्हा ताशी ३०० किलोमीटरपेक्षा जास्त वेग गाठतो. जगात याच्याइतका वेगवान प्राणी दुसरा नाही. तिसरा 'गिर', उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातला, आकाराने सगळ्यांत मोठा. तो पूर्वी इथे ठाऊक नव्हता. आता बंदिस्त पैदास केंद्रांत जन्मलेले गिर आणि गिर-सेकर संकर आखातात मोठ्या प्रमाणावर उडवले जातात.

एक गंमत सांगायला हवी. ससाण्यांत मादी नरापेक्षा बरीच मोठी आणि ताकदवान असते. म्हणून शिकारीसाठी पसंती मादीलाच. आपल्याकडच्या बाजदारांनी तर नर-मादीला वेगवेगळी नावं दिली होती. मादी 'बाज' तर नर 'जुर्रा'. मादी 'शिक्रा' तर नर 'चिपक'. मादी 'लग्गड' तर नर 'झग्गड'. घरात मादीचं राज्य असलं की काय होतं, हे मंडळातल्या पुरुष सभासदांना वेगळं सांगायला नको!

शिकवतात कसं?

कुत्रा माणसाचं ऐकतो, कारण तो मुळात कळपात राहणारा प्राणी. ससाणा एकटा राहतो. त्याला मालक नसतो, नेता नसतो. त्याला मारून-दटावून काही शिकवता येत नाही. एकदा रागावला की विश्वास गेला. त्यामुळे ससाणा शिकवणं म्हणजे खरं तर माणसानेच संयम शिकणं. असा ससाणा सांभाळणाऱ्याला अरबीत 'सक्कार' म्हणतात.

त्याची साधनं फार थोडी आणि साधी असतात. डोळ्यांवर घालायची चामड्याची टोपी, तिचं नाव 'बुर्का'. हो, तोच शब्द. डोळ्यांपुढे अंधार झाला की ससाणा शांत बसतो, हे यामागचं तंत्र. पायात बांधायच्या नाजूक दोऱ्या म्हणजे 'सुबूक'. वाळूत रोवायची, वरून गोल आणि खालून टोकदार अशी लाकडी बैठक म्हणजे 'वकर'. हिंदुस्तानी बाजदार पक्ष्याच्या दांडीला 'अड्डा' म्हणत. आपण आज वेगळ्याच अर्थाने वापरतो तो शब्द! युरोपात चामड्याचा हातमोजा घालतात, तर आखातात मनगटावर 'मंगला' नावाची जाड कापडी नळी चढवतात. पाखरांचे पंख बांधून केलेलं आमिष म्हणजे 'तिलवाह'.

नवा पक्षी आला की पहिले काही दिवस तो सतत माणसाच्या हातावर. रात्री मजलिसमध्ये गप्पा चालू असतात, कहावा फिरत असतो, मुलं ये-जा करत असतात, आणि ससाणा टोपी घालून हातावर बसलेला असतो. आवाज, वास, माणसं यांची त्याला सवय होते. मग टोपी थोडा वेळ काढतात. हातावरून मांसाचा तुकडा खाऊ लागला, की अर्धी लढाई जिंकली. पुढे दोरी बांधून एका हाताच्या अंतरावरून उडी, मग दहा पावलांवरून, मग पन्नास. प्रत्येक वेळी नावाने हाक आणि तिलवाह फिरवणं. शेवटी एक दिवस दोरी सोडतात. अनुभवी माणसाच्या हातात हे सगळं काही आठवड्यांत होतं.

यातली खरी गोम आहे वजनात. ससाण्याचं पोट भरलेलं असेल तर तो परत येण्याची तसदी घेत नाही. एखाद्या झाडावर किंवा विजेच्या खांबावर आरामात बसून राहतो. फार उपाशी ठेवला तर अशक्त होतो, उडू शकत नाही आणि आजारी पडतो. दोन्हींच्या मधला काटा सांभाळायचा असतो. म्हणून सक्कार रोज पक्ष्याचं वजन करतो. एक किलोच्या आसपासच्या पक्ष्यात दहा-वीस ग्रॅमचा फरकसुद्धा महत्त्वाचा. सकाळी पक्षी पिसं आणि न पचलेले अंश यांची छोटी गोळी ओकून टाकतो. ती गोळी पाहून जाणकार माणूस पक्ष्याची तब्येत सांगतो. आपल्याकडे वैद्य नाडी पाहतात ना, तसं.

पंखाचं एखादं पीस मोडलं तर? त्यावरही जुना उपाय आहे. मोडलेल्या पिसाची दांडी नीट कापून, आधीच्या वर्षी गळून पडलेलं तसंच पीस बारीक काडीच्या आधाराने तिथे जोडून देतात. पक्षी पुन्हा पहिल्यासारखा उडतो. ही कला शेकडो वर्षं जुनी आहे.

शौक नव्हे, पोटापाण्याची सोय

तेल सापडण्याआधीचं आखातातलं जीवन डोळ्यांपुढे आणा. खजूर, उंटिणीचं दूध, किनाऱ्यावर मासे. मांस फार क्वचित. बंदूक महाग, वाळवंटात आडोसा नाही, आणि ससा किंवा 'हुबारा' माणसाला जवळ येऊ देत नाही. अशा वेळी जाणारा-येणारा ससाणा पकडून शिकवला, तर हिवाळाभर घरात अधूनमधून मांस शिजायचं.

याचं एक वार्षिक चक्र होतं. शरद ऋतूत सायबेरिया आणि मध्य आशियातून ससाणे दक्षिणेकडे निघत. किनाऱ्यावर कबुतराचं आमिष लावून, जाळं टाकून, वाळूत लपून माणसं त्यांना पकडत. काही आठवड्यांत शिकवत. थंडीभर शिकार होई. साथीला 'सलुकी' जातीचे सडपातळ शिकारी कुत्रे असत. आणि उन्हाळा सुरू होण्याआधी पक्षी सोडून देत. कारण उन्हाळ्यात वाळवंटात त्याला सांभाळणं परवडत नसे. पक्षी आपल्या देशी परत जाई, घरटं करी. म्हणजे माणसाने पक्षी विकत घेतलेला नसून हंगामापुरता उसना घेतलेला असे, असंच म्हणायला हवं.

इस्लाममध्येही याला स्थान आहे. कुराणाच्या पाचव्या सूरेत, शिकवून तयार केलेल्या शिकारी प्राण्यांनी धरून आणलेलं भक्ष्य देवाचं नाव घेऊन खायला परवानगी दिली आहे. म्हणून ससाणा हातावरून सोडताना 'बिस्मिल्लाह' म्हणतात.

शिकार होई ती मुख्यतः हुबारा पक्ष्याची. हा आपल्या माळढोकाचा लहान चुलतभाऊ. उंच मान, वाळूसारखा रंग, पळण्यात पटाईत. तोही काही कमी नाही बरं का! ससाणा अगदी जवळ आला की चिकट विष्ठेची पिचकारी मारून त्याचे पंख आणि डोळे बरबटून टाकतो.

युरोपनेही या विद्येतलं बरंच काही अरबांकडून घेतलं. तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने पक्ष्यांकडून शिकार करण्याच्या कलेवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्याने अरबी ग्रंथाचं भाषांतर करून घेतलं आणि डोळ्यांवर टोपी घालण्याची पद्धतही पूर्वेकडून उचलली. युनेस्कोने २०१० मध्ये ससाणेपालनाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा अकरा देश एकत्र आले होते. त्यात संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि कतार हे आपले शेजारी होते. २०२१ पर्यंत ही संख्या २४ झाली.

आणि आपल्याकडे?

आता कोणी म्हणेल, हे सगळं अरबांचं, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जुना आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११२९ मध्ये 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपल्या मराठी सीमाभागातलं. मराठी बायका कांडताना ओव्या गातात, असा मराठी ओवीचा जुना उल्लेख याच ग्रंथात सापडतो, म्हणून तो मराठी अभ्यासकांना परिचित आहे. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये 'श्येनविनोद' असा भाग आहे, ससाण्यांच्या शिकारीवरचा. पुढे सोळाव्या शतकात कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने 'श्यैनिकशास्त्र' हा या विषयालाच वाहिलेला ग्रंथ लिहिला.

अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथला किल्ला १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवणारी चांदबिबी आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तिची जी जुनी दख्खनी चित्रं प्रसिद्ध आहेत, ती पाहा. घोड्यावर स्वार झालेली चांदबिबी आणि तिच्या हातावर ससाणा! ही चित्रं तिच्यानंतर बऱ्याच काळाने काढलेली आहेत. पण दख्खनच्या चित्रकाराला शूर राणी दाखवायची म्हटल्यावर तिच्या हाती ससाणा द्यावासा वाटला, यातच सारं आलं.

शिवकालीन राज्यव्यवस्थेतल्या अठरा कारखान्यांच्या यादीत 'शिकारखाना' येतो. नावच सांगतं, शिकारीचा सरंजाम सांभाळणारं ते खातं. पुढे कोल्हापूर संस्थान शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटाची शिकार करण्यासाठी नावाजलं गेलं. त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले जात. चित्ते सांभाळणाऱ्यांना 'चित्तेपारधी' हा शब्दच मराठीत आहे. ससाण्यांच्या बाबतीत विसाव्या शतकात भावनगर संस्थानाचं नाव मोठं होतं. तिथले धर्मकुमारसिंहजी स्वतः ससाणे उडवत आणि सौराष्ट्रातील पक्ष्यांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. आपल्या शेजारच्या शीख कुटुंबांना विचारा, गुरू गोविंदसिंहांच्या हातावरचा बाज त्यांना किती प्रिय आहे ते. पंजाबचा राज्यपक्षी बाजच आहे.

संस्थानं गेली, बाजदारांचा आश्रय गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातले पक्षी पकडणं आणि पाळणं यावर बंधनं आली. आज भारतात शिक्रा किंवा ससाणा पकडून ठेवणं हा गुन्हा आहे. बाज, जुर्रा, चिपक, झग्गड हे शब्द आता शब्दकोशात उरले. पक्ष्यांची अशी मराठी नावं हरवू नयेत म्हणून कै. मारुती चितमपल्ली यांनी 'पक्षिकोश' सिद्ध केला. मंडळाच्या प्रत्येक घरात तो असावा असं मनापासून वाटतं.

बिघडलं कुठे?

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक जगभर फवारलं गेलं. किडे पाखरांनी खाल्ले, पाखरं ससाण्याने खाल्ली आणि विष त्याच्या शरीरात साठत गेलं. मादीच्या अंड्याचं कवच इतकं पातळ झालं की उबवायला बसल्यावर अंडी फुटू लागली. १९६०च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागातून बहिरी ससाणा नाहीसा झाला. त्याला परत आणणारे कोण? ससाणे पाळणारेच! १९७० मध्ये तिथे 'पेरेग्रिन फंड' ही संस्था सुरू झाली. पिढ्यानपिढ्यांच्या पालनविद्येचा उपयोग करून पिंजऱ्यात पिल्लं वाढवली आणि रानात सोडली. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि १९९९ मध्ये बहिरी ससाणा तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर निघाला.

आखातातली गोष्ट थोडी वेगळी. तेलाचा पैसा आला, मोटारी आल्या. उंटावरून एका ससाण्याने होणारी शिकार जीपच्या ताफ्यांनी आणि डझनावारी ससाण्यांनी होऊ लागली. पूर्वी हंगाम संपला की पक्षी सुटायचा. आता वातानुकूलित खोल्यांमुळे उन्हाळ्यातही तो ठेवता येऊ लागला. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटल्यावर मध्य आशियात सेकर ससाण्यांची बेसुमार पकड सुरू झाली. मंगोलियात माळावरच्या विजेच्या खांबांवर शॉक लागून मोठ्या संख्येने ससाणे मेले. आज सेकर जागतिक यादीत 'धोक्यात' या वर्गात आहे. हुबाराही घटला. अरबस्तानात तो फारसा उरला नाही तेव्हा शिकारीचे ताफे पाकिस्तानच्या वाळवंटाकडे वळले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या शिकारीवर बंदी घातली, ती जानेवारी २०१६ मध्ये उठली. वाद अजून मिटलेला नाही.

सावरण्याचे प्रयत्न

हे सगळं ज्यांच्या छंदामुळे घडलं, त्यांच्यापैकीच काहींना ते सर्वांत आधी लक्षात आलं, हेही नमूद करायला हवं. अबू धाबीचे शेख झायद यांनी १९७६ मध्येच ससाणेपालकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. १९९५ पासून त्यांच्या नावाच्या योजनेत हंगामाअखेर ससाणे पुन्हा रानात सोडले जातात. म्हणजे जुन्या बेदू पद्धतीकडेच परत जाणं. १९९९ मध्ये अबू धाबीत ससाण्यांचं मोठं इस्पितळ उघडलं. तिथे पायाच्या तळव्याला येणारी सूज, फुप्फुसातली बुरशी असे या पक्ष्यांचे नेहमीचे आजार बरे केले जातात, मोडलेली पिसं जोडली जातात. २००२ पासून अमिरातीत ससाण्यांना पासपोर्ट देतात. चेष्टा नाही, खराखुरा! आंतरराष्ट्रीय व्यापार करारानुसार पक्षी चोरीचा नाही, याचा तो पुरावा. म्हणजे व्हिसाच्या रांगेत आपण एकटे नाही. मंगोलियात अबू धाबीच्या मदतीने ५,००० कृत्रिम घरटी उभारली गेली आणि सेकर तिथे पिल्लं वाढवू लागले. बऱ्याच ठिकाणी शिकारीऐवजी आता शर्यती होतात. ४०० मीटर अंतर, टोकाला तिलवाह, आणि कोणाचा ससाणा लवकर पोचतो ते सेकंदाच्या हिशेबात मोजायचं. जीवही जात नाही आणि हौसही भागते.

आता सोलापूरचा धागा. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झालं. एके काळी तिथे माळढोक सहज दिसायचे. आज महाराष्ट्रात तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. सबंध भारतात दीडशेच्या आतबाहेरच उरलेत, तेही मुख्यतः राजस्थानात. माळरानं गेली, शिकार झाली आणि विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले. त्याला वाचवण्यासाठी २०१९ मध्ये जैसलमेर भागात पैदास केंद्र सुरू झालं. माळढोक बंदिस्त जागेत वाढवण्याचा अनुभव आपल्याकडे कोणालाच नव्हता. तो अनुभव कोणाकडे होता? अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीकडे. त्यांनी पिंजऱ्यात हुबारा लाखांच्या संख्येने वाढवले आहेत. आपल्या शास्त्रज्ञांना त्यांनी शिकवलं, आणि २०२४ मध्ये जैसलमेरला कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पहिलं पिल्लू जन्माला आलं.

विचार करा मंडळी. ज्या ससाण्याच्या हौसेपायी हुबारा संपत आला, त्याच हौसेने हुबारा वाढवण्याची विद्या दिली, आणि ती विद्या आज आपल्या माळढोकाच्या कामी येते आहे. आखाताचं आणि आपलं नातं फक्त पगाराचं नाही, ते असं.

हे क्रूर नाही का?

हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. आपल्याकडे शिबी राजाची कथा आहे. श्येनापासून कबुतराला वाचवायला राजा तराजूत स्वतःचं मांस टाकतो. कथा आपण दानाची म्हणून सांगतो. पण महाभारतातला श्येन राजाला जो प्रश्न विचारतो तोही ऐकण्यासारखा आहे. माझं अन्न तू हिरावून घेतलंस, तर मी आणि माझी पिल्लं जगायची कशी? ससाण्याला मांस लागतंच, तो त्याचा धर्म. त्याने शिकार करण्यात पाप नाही. प्रश्न माणसाच्या हावेचा आहे. एक पक्षी, एक हंगाम, घरापुरतं मांस आणि शेवटी सुटका, यात एक मर्यादा होती. ती मर्यादा सुटली तिथे नुकसान झालं. पक्षी बांधून ठेवणंच चूक, असं मानणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नाही. पण बहिरी ससाणा अमेरिकेत परत आला तो याच विद्येमुळे, हेही खरं आहे.

आपण काय करू शकतो?

बहरैन लहान देश, सुमारे ७८० चौरस किलोमीटरचा. पण पक्ष्यांच्या बाबतीत मोठा भाग्यवान. हवार बेटांवर काळसर रंगाचे सूटी ससाणे घरटी करतात. तेही ऐन उन्हाळ्यात, म्हणजे शरदात स्थलांतर करणारी पाखरं येतात तेव्हा त्यांच्या पिल्लांना भरपूर खाणं मिळतं. थंडी घालवायला ते पार मादागास्करला जातात. साखीरला अल अरीन वन्यजीव उद्यान आहे, १९७६ मध्ये स्थापन झालेलं. हिवाळ्यात साखीरच्या वाळवंटात तंबू पडतात तेव्हा एखाद्या तंबूबाहेर वकरवर बसलेला ससाणा दिसू शकतो.

दिसला तर काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मालकाला आधी सलाम करावा आणि विचारूनच जवळ जावं. पक्ष्याला हात लावू नये, मागून तर मुळीच जाऊ नये. फ्लॅश मारून फोटो काढू नये. मुलांना आरडाओरडा करू देऊ नये. बुर्का, सुबूक, वकर, मंगला, तिलवाह, एवढे पाच शब्द जरी आले तरी समोरचा माणूस खूश होऊन तासभर बोलेल. इतक्या वर्षांत न झालेली ओळख त्या तासात होईल.

दुसरं, पैसे देऊन हातावर ससाणा घेऊन फोटो काढण्याची हौस टाळावी. पक्षी कुठून आला हे आपल्याला ठाऊक नसतं. आणि भारतात सुट्टीवर गेल्यावर कोणी 'शिक्र्याचं पिल्लू हवंय का' विचारलं, तर ते घेऊ नये, वनखात्याला कळवावं.

तिसरं, मुलांना एकदा थंडीत महाराष्ट्रात उंचावर पाहायला शिकवा. बहिरी ससाणे थंडीत मुंबईच्या किनाऱ्यावर आणि उंच इमारतींवर येतात. त्यांचाच भाऊ शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर बारमाही असतो. गडावर गेलात तर फक्त बुरूज बघू नका, कड्यावरही नजर टाका.

या पुस्तिकेच्या निमित्ताने आपण सगळे काही ना काही देत असता. कोणी पैसे, कोणी वेळ, कोणी हाताचं कसब. इथे राहून इथल्या लोकांचं जे चांगलं आहे ते समजून घेणं आणि मुलांना सांगणं हेसुद्धा देणंच आहे. आपली मुलं इथे वाढतात. अरबी त्यांना शाळेत शिकवतात, मराठी घरात बोलतात. दोन्ही भाषांत एकाच समुद्राचं नाव असलेला हा पक्षी त्यांना दोन्हीकडचा वाटावा, एवढीच इच्छा. पुढच्या वेळी विमानात चढताना मुलाने शेपटीकडे बोट दाखवून विचारलं, तर आता उत्तर तयार आहे : 'बाळा, तो बहिरी ससाण्याच्या घराण्यातला. आपला पण आणि यांचा पण.'